भट्टी उघडणार कोण?

बैसाणे भाऊ काचेची वस्तू कधी कुणाच्या हातात देत नसत. टेबलावर ठेवत, एक पाऊल मागे सरत आणि म्हणत, "घ्या." समोरच्याने हात पुढे केलेला असला तरी हेच. नव्या माणसाला यात थोडा अपमान वाटे. आमच्या कॉलेजात नुकत्याच लागलेल्या एका तरुण प्राध्यापकाला मात्र वेगळेच वाटले. भाऊ बौद्ध, जुन्या काळची दुरून देण्याची सवय त्यांच्या अंगात राहिली असावी, असा समज त्याने करून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "भाऊ, हातात द्या हो. आम्ही तसलं काही मानत नाही."

भाऊंनी ब्युरेट टेबलावरच ठेवली. "तुम्ही नसाल मानत, सर. काच मानते. हातातून हातात देताना मधे एक क्षण असा येतो, की दोघांनाही वाटतं दुसऱ्यानं धरलीय."

धुळ्याच्या त्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो आणि भाऊ रसायनशास्त्र विभागात. कागदोपत्री त्यांचे पद प्रयोगशाळा परिचराचे. प्रत्यक्षात ते फुटलेली काच जोडत. ब्युरेटचे मोडके टोक, तडकलेली नळी, चंबूची उडालेली मान, सगळे त्यांच्या खोलीत जाई आणि दोन दिवसांनी बरे होऊन येई. नवी वस्तू मागवायची तर तीन सह्या लागत. भाऊंकडे न्यायची तर एक चहा. अर्थात वार्षिक अहवालात आभार पुरवठादाराचे असत.

दर शनिवारी ते लायब्ररीत येत. इंग्रजी त्यांना बेताचेच येई, पण काचेवरची इंग्रजी पुस्तके ते चित्रांसाठी नेत आणि परत करताना त्यातल्या चुका सांगत. "हा माणूस चित्रात नळी उलटी धरतो. ह्यानं पुस्तक लिहिलं?" मी म्हणे, नळी सरळ धरणाऱ्यांना पुस्तक लिहायला वेळ नसतो. ते हसत. हसले की खालच्या ओठावरचा भाजल्याचा जुना डाग ताणला जाई. काम कधी होईल असे विचारले, की मात्र उत्तर ठरलेले असे आणि ते आपोआप घरच्या बोलीत येई. "घाई कोनले शे? तुम्हले. काचले नही."

त्यांच्या खोलीतल्या फळीवर रसायनांच्या ओळीत एक रुंद तोंडाची बाटली होती. घट्ट बुचाची, स्वच्छ पुसलेली. आत हिरव्या काचेचे तुकडे. बाहेर चिठ्ठी: रत्ना.

रत्ना ही त्यांची एकुलती एक मुलगी, पिंपळनेरजवळच्या एका गावी दिलेली. लग्नाला चार वर्षे होताहेत तोच जावई मोटारसायकलच्या अपघातात गेला. निरोप आला त्या दिवशी भाऊंबरोबर कॉलेजातले आम्ही दोघे गेलो. घराच्या ओट्यावर पुरुषमंडळी बसली होती. त्यात एक गृहस्थ वक्ते होते. आपण रूढी टाकल्या, आपल्यात विधवेच्या बांगड्या फोडत नाहीत, असे ते मुद्देसूद सांगत होते आणि सगळे माना डोलावत होते. मीही डोलावली. भाषण चालू असतानाच आतून आवाज आला. बायका आत होत्या. ओट्यावर काय ठरते आहे ते त्यांना कुणी कळवले नसावे.

काच फुटल्याचा आवाज ओळखायला भाऊंना वेळ लागत नसे. ते उठून आत गेले. मी दारापर्यंत गेलो. रत्ना भिंतीला टेकून बसली होती, मनगटावर रक्ताची बारीक रेघ. जमिनीवर हिरवा चुरा. भाऊंनी खिशातून रुमाल काढला, तो पसरला आणि उकिडवे बसून एकेक तुकडा त्यात ठेवू लागले. मोठे तुकडे संपल्यावर वर पाहून म्हणाले, "मळेल कनीक मिळी का थोडी?"

त्या घरात चूल पेटलेली नव्हती. एक म्हातारी कडाडली, "बाप शे का कोन? पोरना धनी गया, आन याले भाकर सुचस!"

शेजारच्या एका मुलीने तरीही कणकेचा गोळा आणून दिला. भाऊंनी तो जमिनीवर दाबायला सुरुवात केली. दाबायचा, उचलायचा, उलटा करून पुन्हा दाबायचा. डोळ्यांना न दिसणारी काच कणकेला चिकटते. "बठ्ठा अनवाणी फिरी राहिनात," सगळे अनवाणी फिरताहेत, एवढेच ते बोलले. साऱ्या खोलीभर त्यांनी तो गोळा फिरवला. रडणाऱ्या बायका पाय उचलून त्यांना जागा देत गेल्या. मग तो गोळाही त्यांनी रुमालात बांधून घेतला. घरी तो पाण्यात कालवून त्यातली कुसळेसुद्धा त्यांनी वेगळी केली, हे मला नंतर कळले.

त्या तुकड्यांचे त्यांना काय करायचे होते ते त्यांनी एका शनिवारी सांगितले. बांगडी करायची नव्हती. "कुणाला फोडताच येणार नाही अशी चकती करायची. जाड, बशीएवढी. तिची तिच्याजवळ राहील."

हे काम बर्नरच्या ज्योतीवर होत नाही. सगळे तुकडे एकत्र तापून एकमेकांत मिसळायला हवेत आणि मग एकत्रच, अतिशय सावकाश निवायला हवेत. त्याला भट्टी लागते. भट्टी भाऊंकडे नव्हती, म्हणून बाटली फळीवर होती.

आणि मग कॉलेजात भट्टी आली. कौशल्य विकासाच्या नावाखाली कुठूनसे अनुदान मिळाले आणि काचकलेचा अभ्यासक्रम काढायचे ठरले. खरेदी समितीत एक इतिहासाचे, एक वाणिज्याचे आणि अध्यक्षस्थानी प्राचार्य. समितीला कोरमसाठी एक ग्रंथपाल लागत असावा, मी होतो. समोर दोन भट्ट्यांची पत्रके होती, एक काचेची आणि एक मातीच्या भांड्यांची. किमती जवळपास सारख्याच. तज्ज्ञ म्हणून भाऊंना बोलावले होते. खुर्ची द्यायचे कुणाला सुचले नाही, ते दाराशी उभे राहिले.

"सर, काचेची भट्टी वरून तापते," ते म्हणाले. "तारा झाकणात असतात. काच आडवी, पसरट पडलेली असते, तिला वरून सगळीकडे सारखी ऊब मिळते. मातीच्या भट्टीत तारा बाजूच्या भिंतींत. मडकं उभं असतं, त्याला ते बरं. काचेच्या कडा आधी तापतात, मध्य मागं राहतो. निवतानाही तसंच. मग फुटते."

"पण ही काचेची नऊशे डिग्रीपर्यंतच जाते," प्राचार्य म्हणाले. "मातीची तेराशेला जाते. तेवढ्याच पैशात चारशे डिग्री जास्त."

"काचेला नऊशेसुद्धा लागत नाही, सर."

"समजा, तेराशे दिली तर?" इतिहासवाले म्हणाले.

"पाणी होईल. मग पिता येईल."

कुणी हसले नाही. पुढे कधी मातीकामही सुरू करता येईल, म्हणून मातीची भट्टी बहुउद्देशीय ठरली. बहुउद्देशीय या शब्दापुढे आमच्या संस्थेत आजवर कुणी टिकलेले नाही. ठराव एकमताने झाला. त्या एकमतात माझेही मत आहे.

उद्‌घाटनाला एक मोठे पाहुणे येणार होते. ते येतील तेव्हा भट्टीतून तयार वस्तू निघाली पाहिजे, असा हुकूम होता. भाऊंनी हिशेब करून सांगितले, आदल्या सकाळी भट्टी लावली तर कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी उघडता येईल. प्राचार्य म्हणाले, बघू. भाऊंनी संस्थेच्या बोधचिन्हाच्या पाच चकत्या लावल्या. कोपऱ्यात एक सहावी, हिरवी चकती होती. ती मी पाहिली नव्हती.

दिवस उजाडला. तापलेल्या भट्टीला हार घातला होता, तो करपत होता. नारळ तिच्यावरच फोडायचा पाहुण्यांचा बेत होता. तो भाऊंनी मधे पडून पायरीवर फोडायला लावला. तेवढे त्यांचे ऐकले गेले. मग भाषणे झाली. मग पाहुणे म्हणाले, "चला, दाखवा काय केलंय ते."

"उद्या सकाळी, साहेब," भाऊ म्हणाले. "अजून आत फार गरम आहे. काच विसावली नाही."

"उद्या मी नंदुरबारला असणार."

संस्थेच्या अध्यक्षांनी प्राचार्यांकडे पाहिले. प्राचार्यांनी शिपायाकडे पाहिले. भाऊ भट्टी आणि शिपाई यांच्यामध्ये उभे होते. अध्यक्ष म्हणाले, "बैसाणे, बाजूला व्हा. फोटोत येताय."

भाऊ बाजूला झाले. शिपायाने जाड हातमोजे घालून झाकण उचलले. गरम वाफारा आला, पाहुणे मागे सरले, फोटो निघाला. आणि मग आतून, एकामागून एक, तो आवाज आला.

"काय झालं?" पाहुण्यांनी विचारले.

"काही नाही साहेब, भट्टीचा आवाज," प्राचार्य म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा भाऊ भट्टी साफ करत होते. बोधचिन्हे त्यांनी टोपलीत टाकली होती. हिरवे तुकडे मात्र रुमालावर मांडले होते.  ते म्हणाले, "निम्मेच टाकले होते, सर. चूक माझीच. समारंभाच्या दिवशी घरची वस्तू भट्टीत घालायला नको होती."

तुकडे वाया गेले नव्हते. पण बांगड्यांवरचे सोनेरी ठिपके जळून गेले होते आणि हिरव्या रंगावर साय धरल्यासारखी झाक आली होती. काच आणखी एकदा तापवता येईल, ते म्हणाले. पुढे ती पांढुरकी पडते, तिला रंग राहत नाही. म्हणजे आता एकच वेळ उरली होती. तुकडे पुन्हा बाटलीत गेले, बाटली फळीवर गेली.

अभ्यासक्रम वर्षभरात बंद पडला. भाऊ त्यानंतर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि एक चकचकीत स्मृतिचिन्ह देण्यात आले. अध्यक्ष म्हणाले, काचेची सेवा करणाऱ्याला आम्ही काचच देत आहोत. भाऊंनी ते नखाने वाजवून पाहिले आणि खाली येऊन माझ्या कानात म्हणाले, "प्लॅस्टिक आहे. बरं झालं, नातवंडं असती तर खेळली असती."

भट्टीच्या खोलीची किल्ली परत मागायचे कुणाला सुचले नाही. भाऊ अधूनमधून येत. जुन्या बाटल्या, बाजारच्या बांगड्या आणून त्या चुकीच्या भट्टीत काच जोडायला शिकत. भौतिकशास्त्राच्या खोलीतून त्यांनी दोन काळपट पारदर्शक पट्ट्या मिळवल्या होत्या. एकीवर दुसरी आडवी धरली की आरपार काही दिसत नाही. मधे काच धरायची. ती शांत असेल तर अंधार तसाच राहतो. आत ताण असेल तर तिथे उजेड दिसतो.

एकदा त्यांनी मला नखाएवढा जोड दाखवला, अर्धा हिरवा, अर्धा निळा. पट्ट्यांमध्ये धरल्यावर जोडावर पांढरी रेघ लख्ख उमटली.

"निळी कुठली?" मी विचारले. बाटलीत मला निळे कधी दिसले नव्हते.

"जावयानं यात्रेतून आणल्या होत्या दोन. तळाशी आहेत. ही काच निराळी. निवताना एक जास्त आखडते, एक कमी. आज जुळतील. पुढं कधीतरी सुटतील."

"मग निळ्या वगळा."

"विचारलं तिला फोनवर." ते पट्ट्या पुसत राहिले. "म्हने, बठ्ठ्या टाका, आबा. नहीतर काहीच करू नका."

त्याच सुमारास मला कळले, की जळगावात एका नवरा-बायकोने काचेच्या कामाचा स्टुडिओ काढला आहे आणि त्यांच्याकडे खरी काचेची भट्टी आहे. समितीतल्या त्या एकमताचे मला थोडे ओझे होते. मी फोन केला, वेळ ठरवली, भाऊंना घेऊन गेलो. त्यांच्या पिशवीत बाटली होती.

भट्टी टेबलासारखी बुटकी आणि रुंद होती. बाईंनी झाकण उचलले. आतल्या बाजूला तारांच्या ओळी. भाऊंनी तारांखाली पालथा हात धरला, जणू आत काही निजले आहे आणि त्याला चाहूल लागू द्यायची नाही. "बरोबर," ते म्हणाले. "ही काचेची."

बाई फार चांगल्या होत्या. म्हणाल्या, "काका, ठेवून जा तुकडे. बुधवारच्या खेपेत लावून टाकते. वेळ, तापमान सगळं यंत्रच सांभाळतं, तुम्ही थांबायची गरज नाही. झालं की फोटो पाठवते." भाऊंनी त्यांना दोन-तीन प्रश्न विचारले, चहा घेतला, आभार मानले. पिशवी उघडली नाही.

परतीच्या बसमध्ये पिशवी त्यांनी मांडीवरच धरली होती. एरंडोल मागे पडल्यावर म्हणाले, "भट्टी चांगली शे."

"मग?"

"उघडणार कोण?"

"त्या बाई उघडतील. निवल्यावर. यंत्रच सांगतं."

"सांगतं. पण दारावर कुणी आलं, म्हणालं, दाखवा जरा काय केलंय..."

"त्यांच्याकडे प्रमुख पाहुणे येत नाहीत, भाऊ."

ते हसले नाहीत. खिडकीबाहेर केळीने भरलेला ट्रक चालला होता, तो पुढे जाईपर्यंत ते त्याच्याकडे पाहत राहिले. "पहिल्या वेळी ती आत होती आणि मी ओट्यावर होतो," ते म्हणाले. "दुसऱ्या वेळी मी तिथंच होतो. झाकणाला खेटून. तरी उघडलं."

 मी हजारो पुस्तके सांभाळली आहेत, पण त्यांतले एकही इथे कामाचे नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी ती चकती कॉलेजच्या मातीच्या भट्टीतच लावली. सुट्टीत समारंभ होत नाहीत, हा त्यांचा हिशेब. भट्टीतली फळी त्यांनी बरोबर मधल्या उंचीवर बसवली, चकती अगदी मध्यभागी, आणि भिंतींतल्या तारांची धग थेट लागू नये म्हणून भोवती विटांच्या तुकड्यांचे कुंपण केले. निळे तुकडे एका कडेला ठेवले. तडा गेलाच तर कडा जाईल, बाकीचे राहील. मग भट्टी इतक्या सावकाश तापवली, की पहिल्या दिवशी मला ती बंदच वाटली. दाराला आतून कडी. मी डबा घेऊन गेलो की आधी विचारत, "कोण?" आणि माझ्याबरोबर आणखी कुणी आहे का, तेही. भट्टीसमोर स्टूल टाकून ते बसलेले असत. भिंतीवर लायब्ररीच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने काढलेली तापमानाची एक रेघ होती, चढताना तिरपी, उतरताना जवळजवळ आडवी.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझा हात झाकणावर ठेवायला लावला. फरशीसारखे गार होते.

"उघडा आता," मी म्हणालो.

"थांबा. ती येतेय."

रत्ना अंगणवाडीत काम करत होती. कसल्याशा कामासाठी धुळ्याला आली होती, ते उरकून कॉलेजवर आली. खांद्याला पिशवी, हातात फक्त घड्याळ. भाऊ स्टुलावरून उठले, भट्टीपासून लांब, पार भिंतीपर्यंत मागे सरले आणि म्हणाले, "उघाड."

तिने दोन्ही हातांनी झाकण उचलले. आम्ही तिघेही ऐकत उभे राहिलो. काही आवाज आला नाही.

चकती फार सुंदर होती असे मी म्हणणार नाही. गढूळ हिरवी, वर थोडी साय, कडेला निळा डाग. रत्नाने ती बराच वेळ पाहिली. भाऊंनी आपल्या त्या पट्ट्या काढल्या आणि मधे चकती धरली. हिरवा भाग काळोखा राहिला. निळ्याच्या कडेने उजेडाची एक बारीक रेघ दिसली. त्यांनी ती रत्नालाही दाखवली. "आठेन जाई," ते म्हणाले. इथून जाईल. "आज नही."

"जाऊ द्या," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी थंडीत भाऊ गेले. अंगात ताप घेऊन दोन दिवस हिंडले आणि तिसऱ्या दिवशी उठले नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा रत्नाने मला सांगितले, निळी कड निघाली. बाप गेल्यानंतर महिन्याभराने, कपाटात ठेवल्या ठेवल्या, कुणी हात न लावता. आबांनी दाखवले होते तिथूनच. दोन्ही तुकडे तिने एकाशेजारी एक ठेवले आहेत. हिरवी चकती अजून अखंड आहे. काचेची भट्टी असती तरी निळे सुटलेच असते, हे भाऊंनी मला आधीच सांगितले होते. भट्टीला दोष देऊ नका म्हणून.

मला ते आठवतात ते मात्र त्या दिवाळीतल्या संध्याकाळी, धुळ्याच्या बसस्टँडवर. चकती टॉवेलात गुंडाळून ती त्यांनी रिक्षात स्वतःच्या मांडीवर आणली होती. गाडीला गर्दी होती. रत्ना कशीबशी चढली, खिडकीशी बसली आणि तिने काच सरकवून दोन्ही हात बाहेर काढले. "द्या, आबा."

भाऊंनी इकडेतिकडे पाहिले. ठेवायला जागा नव्हती. खाली चिखल, बाकावर माणसांचे सामान, खिडकीची चौकट चार बोटांची. त्यांनी माझ्याकडेही पाहिले, जणू मी एखादे टेबल काढून देईन. मग टाचा उंचावून त्यांनी ते टॉवेलाचे गाठोडे वर केले आणि तिच्या हातांत दिले. पण सोडले नाही.

"धरं का?"

"धरं."

"नीट धरं का?"

कंडक्टरने घंटी मारली. गाठोडे दोघांच्या चार हातांत होते. ती वाकून, हळू आवाजात म्हणाली, "धरं, आबा. सोडा आते."

गाडी हलली. भाऊ दोन पावले तिच्याबरोबर चालले आणि मग त्यांचे हात रिकामे दिसले.